खुडूक कोंबडीचा किस्सा

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या काकांइतका भित्रा माणूस अख्ख्या वसईत सापडणार नाही, असं मी कित्येक वर्षं छातीठोकपणे सांगत असे. स्वतःला चार दिवस ताप असला तरी काढा पिऊन बसायचे. पण दुसऱ्याच्या कुत्र्याने एक वेळ पोळी सोडली की यांना घाम फुटायचा. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले काका सकाळी दुधाला निघाले की वाटेतल्या प्रत्येक भटक्या कुत्र्याचा ओठ अंगठ्याने उचलून हिरड्या बघायचे. "गुलाबी आहेत, छान," म्हणून पुढे. झोपलेल्या कुत्र्याशेजारी उकिडवे बसून घड्याळावर त्याचे श्वास मोजायचे. मांजरवाल्यांना त्यांचा एकच प्रश्न: "मुतला का आज?" माझ्या बायकोला आमच्या बोक्याबद्दल हा प्रश्न त्यांनी एका लग्नाच्या पंगतीत, पानात जिलबी पडत असताना विचारला होता.

जवळच पापडी गावात त्यांच्या मित्राची वाडी होती. तिथली एक कोंबडी तीन दिवस पिसं फुलवून कोपऱ्यात बसली, दाण्याला तोंड लावेना. काकांनी तिला पंच्यात गुंडाळलं, रिक्षात घातलं आणि डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. डॉक्टर म्हणाले, "काका, ही खुडूक बसलीय. हिला औषध नको, उबवायला अंडी द्या." हा किस्सा मी किती वेळा सांगितला असेल! पुढे पुढे तर त्यात मी काकांना रिक्षात रडवायलाही लागलो. काकाही हसायचे. "रंगवून सांगता हो तुम्ही," म्हणायचे.

मग एका वर्षी आमच्या दीड दिवसाच्या गणपतीच्या आदल्या दिवसापासून माझ्या लेकीचा बोका, गुंड्या, मखरामागे जाऊन बसायला लागला. बसायचा, जोर करायचा, ओरडायचा, उठून दुसरीकडे बसायचा. श्रावणभर घरात मासे नव्हते, मागच्या गॅलरीत त्याला नुसती सुकट मिळत होती. "सोवळ्यात घाण करतोय मेला!" आई ओरडली. मी त्याला बाथरूममध्ये कोंडलं.

दुसऱ्या दिवशी मूर्ती आली, आरती झाली, घर पाहुण्यांनी भरलं. काका दर्शनाला आले, हात जोडले आणि ओरडणं ऐकून सरळ बाथरूममध्ये गेले. बाहेर आले ते तळहात बघत.

"फरशी कोरडी आहे. मखरामागे काही सापडलं?"

"काहीच नाही," लेक म्हणाली.

"मग हा घाण करत नाहीये. त्याची लघवी अडकलीय. आत्ताच्या आत्ता न्यायला हवा. स्टेशनजवळचे डॉक्टर सणालाही बघतात."

पंचवीस पानं मांडायची होती. "उद्या विसर्जन झालं की नेतो," मी म्हणालो, आणि पाहुण्यांकडे वळून पुढे, "नीट बघा काका, खुडूक बसला असेल!" घर हसलं. काकाही हसले आणि प्रसाद घेऊन खाली गेले.

विसर्जन करून रिकामा पाट घेऊन परतलो तेव्हा गुंड्या ओरडायचा थांबला होता. "बघ, बरं वाटतंय त्याला," असं मी लेकीला म्हणालोसुद्धा. दार उघडलं तर आडवा पडलेला, पाय गार, पोट दगडासारखं. डॉक्टरांनी पोट चाचपून विचारलं, "शेवटचा मुतला कधी?" गुंड्या टेबलावरच गेला.

लेक महिनाभर माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं काही चुकलं नाही. काकांनी मात्र "मी म्हटलं होतं ना?" असं एकदाही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर भांडून मोकळा झालो असतो. एकदा जिन्यात भेटले, तेव्हा खाली बघून म्हणाले, "त्या दिवशी रिक्षा आणली होती मी. तासभर फाटकाशी उभी होती. वर येऊन त्याला उचलावं असं दहादा वाटलं. पण म्हटलं, पुन्हा कोंबडीसारखं व्हायचं. माझंच चुकलं."

काकांना जाऊन आता सहा वर्षं झाली. त्यांची फार आठवण येते. कोंबडीचा किस्सा मी पुन्हा तोंडातून काढला नाही; पण इमारतीत तो अजून सांगतात, अगदी मी सांगायचो तसाच, आणि माणसं पोट धरून हसतात.