तात्यांचे धडे ठेवायचे कुठे?

तात्या शिलाई मशीन दुरुस्त करायचे ते कानाने. पान्याला हात नंतर. आधी डोळे मिटायचे, गिऱ्हाइकाला "चालवा" म्हणायचे, आणि दहा टाके पडायच्या आत निदान तयार: "शटल मागे राहतंय, खालचा दोरा वेळेवर पोचत नाही." चाळीस वर्षं हेच चाललेलं. पण अलीकडे डॉक्टरांनी कान तपासून सांगितलं होतं, की बारीक आवाज हळूहळू ऐकू यायचे बंद होणार. तात्यांना धास्तीपेक्षा घाईच जास्त झाली. कान आहेत तोवर ही विद्या कुणाच्या तरी पदरात टाकायची! पोटच्या मुलाला तर शिलाई मशीन आणि मिक्सर यांच्या आवाजातला फरक कळत नव्हता.

"बाबा, आपण वेबसाइट काढू," सूनबाई म्हणाली. ती ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवरच असायची. "धड्यांचे व्हिडिओ करू. कुठूनही कुणीही शिकेल."

झालं! तात्यांच्या अंगात वारं शिरलं. आठवड्यात अकरा धडे. दुकानाचं दार लोटलेलं, सूनबाईच्या हातात फोन आणि तात्या मुद्दाम बिघडवलेल्या मशीनपुढे. "ऐका! ही टिकटिक ऐकलीत? सुई शटलला घासतेय!"

आता हे सगळं ठेवायचं कुठे? नुसतं वेबसाइटवर टाकलं तर उघडेपर्यंत माणूस जेवून येईल. व्हिडिओ सांभाळणारी वेगळी सेवा लागते, असं सूनबाईने समजावलं. पहिली सेवा फुकटातली, म्हणून तात्या खूश. धडा लावला. आता टिकटिक येणार म्हणून ते पुढे सरकले, तर मध्येच एक हसरी बाई उगवली: "जुनं मशीन फेका, नवं घ्या!"

"माझ्याच घरात येऊन माझ्याच पोटावर पाय!" तात्या ओरडले. "बंद कर ती भवानी!"

दुसरी सेवा पैसे घेणारी. जाहिरात नाही, आणि चित्र असं लख्ख की तात्यांच्या नखातलं तेलसुद्धा दिसावं. तात्यांच्या बायकोने, काकूंनी, तर टाळ्याच वाजवल्या. तात्या मात्र कपाळाला आठ्या घालून बसले.

"माझं मशीन मुकं का झालं गं?"

खरंच की! तात्या खणखणीत बोलत होते आणि मशीन गप्प. ही सेवा माणसाचं बोलणं तेवढं ठेवून मागची खरखर आपोआप पुसून टाकायची, हे सूनबाईने शोधून काढलं.

"खरखर?" तात्या ताडकन उठले. "अगं, तीच तर शिकवायचीय! हे म्हणजे दूध ओतून दिलं आणि पातेलं जपून ठेवलं!"

यादीत उरली तिसरी, दिसायला अगदी साधी. आवाज जसाच्या तसा ठेवते, नेट मंद असेल तर चित्र धूसर करते पण आवाज सोडत नाही, असं तिचं म्हणणं. तात्या म्हणणं ऐकून घेणाऱ्यांतले नव्हते. मशीनसुद्धा ते कधी चांगल्या कापडावर तपासत नसत, जाड, ओबडधोबड चिंधीवर तपासत. म्हणून काकूंचा फुटक्या काचेचा फोन घेतला आणि रेंज जेमतेम येते त्या मागच्या अडगळीच्या खोलीत तिघं शिरली. चित्र अडखळलं. धुरकट झालं. आणि त्या धुरातून... टिकटिक!

"आली! आली!" तात्यांनी काकूंना मिठीच मारली.

"अहो, सून आहे समोर!"

साइट सुरू झाली. दोन दिवस कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी दुकानातला फोन वाजला. शाळेचे गणवेश शिवणारी कुणी एक मुलगी होती.

"काका, चौथा धडा सात वेळा ऐकला. शटलचं कळलं. पण त्याच्या खाली एक बारीक चिरचिर आहे, चाकाच्या बाजूने. ती कसली?"

"चिरचिर? छे! बिघाड एकच केलाय मी."

तरी सुट्टी म्हणून दुकानात आलेल्या सूनबाईच्या फोनवर धडा लावला. तो कानाला चिकटवला. काहीच नाही. त्यांनी सूनबाईकडे पाहिलं. ती जरा घुटमळली.

"आहे, बाबा. अगदी बारीक आहे."

तात्यांनी धड्यातल्या त्या मशीनचं चाक काढलं. आतला दांडा कोरडा ठणठणीत, तेलाचा टिपूस नाही. त्यांनी बाजूला ठेवलेल्या दुकानातल्या फोनवर झडपच घातली.

"पोरी, कुठे होतीस इतके दिवस? मला नाही ऐकू आली गं ती, तुला आली! वही घे. नाही, थांब, वही मीच घेतो. आणखी काय काय ऐकू येतं तुला, सांग!"