दहा पोरांची कुपी

दोन्या युफ्रासियाच्या जिभेला हाड नव्हतं, आणि त्याची तिला कधी लाजही वाटली नाही. होंडुरासच्या डोंगरातल्या त्या कॉफीवाल्या गावात ती एकोणीस वर्षं आरोग्य केंद्राची स्वयंसेविका होती. म्हणजे फुकट राबणारी; मोबदला एवढाच की सगळे मानाने 'दोन्या', म्हणजे बाई, म्हणत. पोरं वजनाला गोळा करायची ती, लशीची बर्फपेटी खांद्यावर वाहायची ती, आणि राजधानीतून साहेब आले की फोटोत कडेला उभी राहायची तीही तीच. साहेब हात धुण्याचं महत्त्व सांगून जात. गावात नळ नव्हता. "पुढच्या वेळी पाणी पण घेऊन या," असं ती भर सभेत सुनवायची.

त्या दिवशी वरच्या वाडीतली ओनेइदा तिसऱ्यांदा आली. कडेवर एक वर्षाची लेक केनिया, पायाखाली तीन तासांची उतरण. पलीकडच्या खोऱ्यात गोवराने दोन पोरं नेली होती. तेव्हापासून ओनेइदाच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

"परत एकटीच?" नर्स ग्लोरिबेल मोबाइलवरून नजर न उचलता म्हणाली. "एका कुपीत दहा पोरांची लस असते. फोडली की सहा तासांत संपवावी लागते. बाकी नऊ काय गटारात ओतू? दहा जमली की ये."

"कुठून जमणार?" युफ्रासिया उसळली. "तोडणी चालू आहे, सगळ्या बाया पोरांसकट मळ्यात. तिकडे चल म्हटलं तर तू गाडी मागतेस!"

"नियम आहे, दोन्या."

"नियमाला पोर झालं असतं ना, म्हणजे कळलं असतं!"

ग्लोरिबेलने नुसता सुस्कारा सोडला. "भांडू नका. त्यापेक्षा मागे एक खड्डा खणून ठेवा. आज तीस कुप्यांची मुदत संपतेय, उद्या पुरायच्यात."

"न फोडताच?"

"न फोडलेल्या गेल्या तर दोष राजधानीचा, जास्त पाठवल्या म्हणून. फोडून उरली तर माझा."

धनी देतो आणि कोठावळ्याचं पोट दुखतं, ते असं. युफ्रासियाने कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि नर्सच्या टेबलावर आडवं ठेवलं.

"एक फोड. नाहीतर खड्डा तूच खण. नखं छान रंगवलीस, बघू किती टिकतात."

ग्लोरिबेलने नखांकडे पाहिलं, मग कुपी फोडली. केनियाने टाहो फोडला. ओनेइदा तर तिच्याहून जास्त रडली, सुटल्यासारखी. बोलल्याप्रमाणे युफ्रासिया फावडं घेऊन मागे गेली.

मातीने माखलेल्या हातांनी ती परत आली तेव्हा टेबलावर अहवाल तयार होता. वाया गेलेले डोस: नऊ. कारण: मातांची अनास्था. खाली साक्षीदार म्हणून निळा अंगठा.

ओनेइदा झग्याला बोट पुसत होती. तिला अक्षरओळख नव्हती. "दोन्या, नर्सबाईंनी माझी सहीसुद्धा घेतली!"

युफ्रासियाला तो कागद ग्लोरिबेलच्या घशात कोंबावासा वाटला. पण मग ओनेइदाला वाचून दाखवावं लागलं असतं. पोर खांद्यावर झोपलं होतं, आणि अजून तीन तास चढायचं होतं.

"किती भल्या आहेत हो," ओनेइदा म्हणाली. "पुढच्या खेपेला त्यांना चार अंडी आणीन."