मामांचं कोरं बोट

निवडणूक लढवणारे या जगात पुष्कळ आहेत, पण निवडणूक संपल्यावर ज्याच्या अंगात खरा जोर येतो असा माणूस एकच, माझे धाकटे मामा. निकाल लागला, गुलाल उडाला की लोक घरी जातात; मामा देवळीच्या कोर्टात जातात. ग्रामपंचायत असो, सोसायटी असो, गैरप्रकार झालाच आहे, फक्त सापडायचा बाकी आहे, ही त्यांची श्रद्धा. सोसायटीच्या मोजणीत एका कारकुनाला शिंक आली, तर मामांनी तेही अर्जात लिहिलं. "शिंकताना गठ्ठा हालला. म्या सोता पायलं!"

मामी ग्रामपंचायतीला उभ्या राहिल्या तेव्हा तर विचारूच नका! त्यांचे प्रतिनिधी म्हणून मामा सकाळपासून मतदान केंद्रात ठाण मांडून बसले. येणाऱ्याजाणाऱ्याचं बोट उजेडात धरून पाहिलं. चहाला उठले नाहीत. तेवढ्यात एखादा मेलेला माणूस मत टाकून जाईल ही धास्ती. आणि मोजणीत काय निघावं? दोघींना समसमान मतं! चिठ्ठी काढली, ती समोरच्या बाईंची निघाली. मामी मुकाट्यानं घरी आल्या. मामा मात्र पेटले. "एक मत खाल्लं त्याइनं, एकच! काढतोच मी बाहीर!"

दीड वर्ष तारखा चालल्या. तारखेच्या दिवशी मामा कडक इस्त्रीत, बसच्या तासभर आधी स्टँडवर. अखेर मतदान केलेल्यांच्या नावांवर खुणा असलेली यादी कोर्टात आली, मामांनीच हट्टानं मागवलेली. मी मागच्या बाकावर होतो. मामांनी यादीवरून नजर फिरवली आणि ते जागच्या जागी उडालेच. "सापडलं! साहेब, सापडलं! माह्याच नावापुढं खूण नाई! माहं मत गायब केलं!"

समोरच्या वकिलांनी शांतपणे विचारलं, "काका, त्या दिवशी तुमच्या बोटाला शाई कोणी लावली?"

मामांनी डावा हात वर केला. बोटाकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. दिवसभर साऱ्या गावाची बोटं तपासण्याच्या नादात स्वतःचं मत टाकायचंच राहून गेलं होतं. याचिका फेटाळली गेली.

घरी आल्यावर मामींनी पाणी दिलं. म्हणाल्या, "मले मतदानाच्या सांजेलेच समजलं होतं. तुमी जेवताना डाव्या हातानं गिलास उचलला, तं बोट कोरं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तं तुमच्या गळ्याखाली घास उतरला असता काय?"

मामा आता कोर्टात जात नाहीत. मला, खरं सांगतो, चुकल्याचुकल्यासारखं होतं. यंदा मामी काही उभ्या राहिल्या नाहीत. मामा मात्र मतदान सुरू व्हायच्या आधीच रांगेत पहिले होते. घरी येऊन त्यांनी शाईचं बोट मामींपुढे धरलं. मामींनी ते उजेडात धरून नीट तपासलं.

"कोनाले टाकलं?"

"टाकलं कोनाले तरी," मामा म्हणाले. "मले तं तुलेच टाकाचं होतं."