ज्ञानोबास कळले

खरात सरांनी मला पयल्यांदा बघितलं तवा मी प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यातनं च्या पीत हुतो. हायस्कुलात शिपाई म्हणून लागून मला चारच म्हैनं झालं हुतं, आन कपापरास त्या भांड्यात च्या जास्त मावतो ह्यो शोध मी एकट्यानं लावला हुता. दारात एक वाळका, उंच माणूस ट्रंक घिऊन हुबा. मला वाटलं पुस्तकं इकाय आलाय. म्हणलं, हेडमास्तर न्हाईत, उद्या या.

त्यो आत आला आन म्हणला, "या भांड्यात काल काय होतं?"

"मला काय ठावं."

"ठाऊक नाही, तरी पितोस?"

"आवं, धुतलंय की."

"कशानं?"

धुतलं नव्हतंच, धोतराच्या सोग्यानं पुसलं हुतं. सरांनी भांडं घेतलं, वास घेतला, च्या भाईर वतून दिला. म्हणले, मरणार नाहीस, पण न विचारता गिळू नकोस. फुडं दोन दिस मी हाटेलाच्या आरशात जीब काढून बघत हुतो, निळी झाली का म्हणून. हाटेलवाल्याला वाटलं मी त्यालाच येडावतोय.

सर म्हसवडच्या अंगाचे. घर छप्पन सालानंतर बौद्ध झालेलं. आमचं गाव कडेगावच्या बाजूचं, उसाचं, आन निम्म्या घरांत एक पोरगं पल्टणीत. मास्तर म्हणून सरांना मान हुता, पर कुणाच्या दारात गेले तर सगळ्यास्नी कपात च्या आन त्यास्नी काचेच्या गिलासात. त्यो गिलास येगळ्या कोनाड्यात ठिवलेला असायचा. माझ्या घरात बी हुता, उगं खोटं कशाला सांगू. सर त्यो गिलास उजेडात धरून बघायचे आन म्हणायचे, "काच चांगली. तिच्यावर कशाचा परिणाम होत नाही." समोरच्याला वाटायचं मास्तर गिलासाचं कौतुक करत्यात. मला बी तसंच वाटायचं.

त्या टायमाला अकरावीला मॅट्रिक हुतं, आन आमच्या शाळेत रसायन म्हंजे पोरांचा काळ. पोरं पुस्तक घोकायची, देवळाच्या पायरीवर बसून, उसाला पाणी पाजताना, म्हसरामागं. मार्चात पेपर बघितला की सगळी आरती इसरल्यावानी हुबी. सर म्हणायचे, "पाठ झालं ते तोंडात राहतं. समजलं ते हातात येतं. पेपरात प्रश्न उलटाच येणार. सुलटा यायला तो काय पाव्हणा आहे?"

मग त्यांनी एक तऱ्हा काढली. शाळा सुटली की मला प्रयोगशाळेत स्टुलावर बसवायचं. अकरावीच्या एकेका पोरानं येऊन पुस्तक मिटायचं आन धडा मला समजून सांगायचा. मी दुसरी नापास. सयी करताना बी जीब भाईर काढणारा. मला कळलं तर त्या पोराला धडा आला, न्हाईतर त्यानं उद्या परत यायचं. मला एकच काम, कळलं न्हाई की न्हाई म्हणायचं. कळलं म्हणलं की सर पोराच्या वहीत लाल शाईनं लिवायचे, 'ज्ञानोबास कळले'. गावात मला ज्ञानू म्हणायचे, ज्ञान्या म्हणायचे. ज्ञानोबा एक सरच म्हणायचे.

पयल्यांदा पोरं खवाळली. ह्या टोणग्याला काय कळणार म्हणली. पर गड्या, सरांचं गणित बरुबर हुतं. एक लोहाराचं पोरगं मला अमोनिया सांगत हुतं. मी म्हणलं, भांडं उपडं का धरायचं? ते म्हणलं, पुस्तकात तसंच हाय. मी म्हणलं, न्हाई कळलं. दुसऱ्या दिशी आलं आन म्हणलं, "मामा, कल्हईवाला नवसागर टाकतो तवा नाकाला काय झोंबतं? तेच ह्ये. हवेपरास हलकं असतंय, वर जातंय, म्हणून भांडं उपडं." मग मी इचारलं, पाण्यावर का धरत न्हाई? ते म्हणलं, "पाण्यात इरघळून जाईल की." मला कळलं. मला कळतंय ह्येच मला नवीन हुतं. घरी जाऊन बायकूला सांगाय लागलो, तर ती म्हणली आदी चूल पेटवा.

त्या साली पेपरात तेच आलं, 'कारणे द्या' म्हणून. पोरं पास झाली. सर गावभर सांगत फिरले, "ज्ञानोबा आमचा लिटमस आहे. लिटमसला शाळा लागत नाही, आणि तो खोटं बोलत नाही." लिटमस म्हंजे तांबडा-निळा कागूद, आंबट कुठलं आन खारं कुठलं सांगणारा. मी छाती काढून फिरलो. एकच धडा इतक्या येळा ऐकून एकादी म्हस बी पास झाली असती, मी मातुर म्हशीच्या मागंच राह्यलो.

दुष्काळानंतरच्या दुसऱ्या साली आमच्या भावकीतली सुमन अकरावीला हुती. बाप रंगराव, पल्टणीतनं हवालदार होऊन आलेला. त्यानं पोरीला सांगितलं हुतं, एकदाच बसायचं. पास झालीस तर मिरजंला नर्सिंगला धाडतो, नापास झालीस तर लगीन. हवालदाराचा शब्द म्हंजे हुकूम. सुमनला ते ठावं, सरांना ठावं, मला बी ठावं.

ती लय घोकायची. डोळं मिटून, दम न घेता, जात्यावर बसल्यावानी डुलायची. तिचा धडा हुता ऑक्सिजन करायचा. एक पांढरं मीठ तापवायचं, त्यात एक काळी पूड घालायची. पूड घातली की वायू बिगीबिगी निघतो, आन शेवटाला पूड आहे तेवढीच राहती. मी पयल्या दिशी म्हणलं, न्हाई कळलं. दुसऱ्या दिशी बी म्हणलं, न्हाई कळलं. दारात हुबी असलेली पोरं हसाय लागली. एक जण म्हणलं, "मामाला कळाय त्या पुडीत तंबाखू घालाय पायजे."

तिसऱ्या दिशी तिनं सगळं धाडधाड म्हणलं आन माझ्याकडं बघितलं. "ज्ञानूकाका, आता तरी कळलं न्हवं?" डोळं भरलेलं. माझ्या तोंडात सवाल आला हुता, की पूड आहे तशीच राहती तर घालायची कशाला? पर घरातली पोरगी, तिच्यासमोर तिसऱ्यांदा येडं ठरायचं माझ्या जिवावर आलं. तिची दया आली म्हणून व्हय म्हणलं असं मी लय वर्सं सोताला सांगत आलो. तिची दया थोडी हुती. माझी लाज जास्त हुती.

सरांनी भाईरनं इचारलं, "ज्ञानोबा, कळलं?"

मी म्हणलं, "लख्ख."

मार्चातल्या पेपरात मी गिळलेला सवाल जसाच्या तसा आला. सुमननं त्याखाली सगळा धडा लिवला, पयल्या वळीपासनं, पाठ हुता तसा. त्यातच निम्मा येळ गेला आन फुडचे सवाल राह्यले. निकाल लागला. बाकी समद्यात पास, त्या एकात गेली.

सरांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. इचारलं, त्या दिवशी खरंच कळलं होतं का? मी म्हणलं, न्हाई. सर लय येळ रिकाम्या नळ्या पुसत बसले. मग म्हणाले, ऑक्टोबरला परत बसता येतं, फॉर्म भरायचाय. तिच्या बापाकडं जाऊ. माझं तो ऐकणार नाही, तू भावकीतला, तुझं ऐकेल. जास्त काही बोलू नकोस. तुला कळलं नव्हतं आणि तू कळलं म्हणालास, एवढं सांग.

ऐतवारी सकाळी गेलो. हवालदार अंगणात बाजंवर बसून बुटाला पालिश करत हुता. बूट घालून कुठं जायचं न्हाई, पर पालिश रोज. भावकीतली दोघं-तिघं बसली हुती. मला कपात च्या आला, सरांना गिलासात. सरांनी गिलास उजेडात धरला न्हाई. गप पिला आन फॉर्मचं बोलले. पोरीत धमक आहे म्हणले, एकाच विषयाचं आहे म्हणले.

हवालदार म्हणला, मास्तर, तुमी तसंच म्हणणार, तुमचा धंदा हाय. मग माझ्याकडं वळला.

"ज्ञानू, तू रोज ऐकत हुतास. खरं सांग. पोरीला डोकं हाय का?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. आत सुमन भाकरी थापत हुती. थापायचा आवाज बंद झाला.

आता ह्यात अवघड काय हुतं? चार शब्द. पर समदी माझ्या तोंडाकडं बघाय लागली, आन माझ्या तोंडाला एकच धंदा येतो. मी म्हणलं, "आवं आबा, माझंच डोकं म्हसरामागं गेलं, मी दुसऱ्याचं काय सांगू? ती सांगाय लागली की मला अंगाईवानी वाटायचं. दोन येळा तर स्टुलावरनं पडलो."

समदी हसली. हवालदार तर बूट खाली ठिवून हसला. डोळं पुसत म्हणला, "बघा मास्तर. घरच्या माणसाला झोप लागती, तर पेपर तपासणाराचं काय झालं आसंल?"

आत भाकरी थापायचा आवाज परत सुरू झाला.

जलमभर मी समदं सोतावर घिऊनच सांगितलं. त्या दिशी बी सोतावरच घेतलं हुतं. घाव मातुर आत चुलीपाशी बसला. अजून सांगता आलं असतं, आबा, थांबा, चेष्टा केली म्हणून. पर लोकं हसत असली की मला थांबवत न्हाई.

सर फुडं, मी मागनं, असं निघालो. पाटापाशी आल्यावर थांबले, खोकले. ते वायू करून दावून-दावून त्यांच्या छातीत खोकला बसला हुता. मला वाटलं आता कानाखाली काढत्यात, मी टोपी बी काढून ठिवली. तर ते म्हणाले, "लिटमसला लाज नसते, ज्ञानोबा. तुला आहे. तुला स्टुलावर बसवताना एवढी साधी गोष्ट मी हिशोबात धरलीच नाही. चुकलंच माझं." मारलं आसतं तर बरं झालं आसतं.

त्यानंतर स्टुलावर मला बसवलं न्हाई. सर सोता पोरांसमोर बसायचे, येड घेतल्यावानी इचारायचे. मी भाईर घंटेपाशी. दिवाळीनंतर सुमनचं लगीन झालं, म्हसवडात दिली. लगनात मी वाढपी हुतो, लोकांस्नी हसवत जिलबी वाढली. फुडच्या जूनला सरांची सातारला बदली झाली.

तीनेक वर्सांनी सिद्धनाथाच्या जत्रंला म्हसवडला गेलो, तवा सुमनच्या दारात गेलो. नवरा कुपवाडला कारखान्यात, ही सासू-सासऱ्यापाशी. च्या दिला, समद्यांचं इचारलं, सरांचं जास्त इचारलं. मी म्हणलं, पोरी, त्या दिशी मला कळलं नव्हतं गं. ती हसली. तिचं हसू मला अजून दिसतंय.

"मला बी कळलं नव्हतं ओ काका. तुमी लख्ख म्हणलासा, मला वाटलं, येतंय मला."

मग कप उचलता उचलता म्हणली, "त्या ऐतवारी तुमी अजून एक वाक्य बोलशिला म्हणून मी हात थांबवला हुता. तव्यावरली भाकरी करपली, आईनं शिव्या दिल्या."

म्हसवडातनं मी घरी गेलो न्हाई, सातारची यष्टी धरली. सर दोन खोल्यांत राहत हुते, लय वाळलेले. मी समदं सांगितलं, सुमन काय म्हणली ते बी. त्यांनी ऐकून घेतलं आन इचारलं, तिच्या बापाला सांगितलंस? मी म्हणलं, न्हाई. "मग माझ्याकडं कशाला आलास, ज्ञानोबा? मला ते पहिल्यापासनं माहीत आहे." आवाज चढवला न्हाई. मला जेवाय वाढलं, ताटाला ताट लावून बसले, आन कडेगावच्या यष्टीत बसवून कंडक्टरला माझं गाव सांगितलं, जसं काय मीच वाट चुकणार हाय.

यष्टीतनं उतरलो ते थेट हवालदाराच्या दारात. वाटंत वाक्य घोकत गेलो. हवालदार बाजंवर एकलाच बसला हुता, थकलेला. सरकून जागा केली आन म्हणला, "ये ज्ञानू. कायतरी सांग बाबा. हितं कोण हसवत न्हाई आता."

मी कायतरी सांगितलं, घोकलेलं न्हाई. लय हसला.

सर फुडच्या साली सातारलाच वारले, छातीनं. मला चार दिसांनी कळलं. हवालदार बी त्यांच्या मागनं गेला. ज्याला सांगायचं हुतं त्यो न्हाई, आन सांग म्हणणारा बी न्हाई. शाळा सुटल्यावर रिकाम्या प्रयोगशाळेला कुलूप लावताना मला रोज वाटायचं, आत कोणतरी धडाधडा पाठ म्हणतंय आन म्हणता म्हणता मधीच थांबतंय. म्हणून तुमास्नी सांगतोय. तुमी सरांना बघितलं न्हाई, सुमनला बघितलं न्हाई, तुमच्यासमोर मला कसली लाज? ती मला तीन दिस सांगाय आली. चवथ्या दिशी बी आली आसती. पोरीला डोकं हुतं.