काकूंचं उत्तर

"घरातल्या मतदारांपैकी कोणाचा वाढदिवस आता सगळ्यांत आधी येतो?"

हा आमचा पहिला प्रश्न असायचा. निवडणुकीआधीच्या सर्वेक्षणात जो दार उघडेल त्याला विचारून मोकळं व्हायचं नसतं. ज्याचा वाढदिवस जवळ, त्यालाच विचारायचं, असा नियम. ज्याने तो बनवला त्याच्या घरी सगळेच केक कापत असणार. आमच्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली ती जन्मतारीख. इतवारीतल्या एका घरात सासरे, मुलगा आणि सून तिघंही एक जुलैचे निघाले. सासरे गंभीरपणे म्हणाले, "आमच्या घरी सगळे सोबतच जन्मले, मॅडम." मला हसता आलं नाही. माझीही तारीख एक जुलैच आहे.

मी भिवापूरच्या बाजूची. आई मिरच्या वाळवतात त्या सातऱ्यावर देठ खुडायला जायची, आणि घरात पदवी घेणारी मी पहिली. बी.ए. झाल्यावर कॉलेजातल्या मॅडमनी धरमपेठेतल्या एका सर्वेक्षण कंपनीत माझं नाव सुचवलं, त्यांचे उपकार मी विसरू शकत नाही. कंपनीच्या सरांनी पहिल्या दिवशी टॅबलेट हातात दिला, तेव्हा तो ओढणीत गुंडाळून खोलीवर नेला होता. इतक्या महागाची वस्तू माझ्यावर विश्वासून कोणी दिली नव्हती.

राज्यात लढत अटीतटीची होती. प्रशिक्षणात सर म्हणाले, "थोडक्या मतांचा खेळ आहे यंदा, आणि तो बायकांच्या हातात आहे. नवऱ्यासमोर विचारलेलं बाईचं उत्तर मला नको." मला हे इतकं पटलं की मी ते वहीत लिहून घेतलं. आमच्या घरी आईचं मत बाबाच सांगायचे, आणि आई मान हलवायची. आता कोणीतरी पगार देऊन मला आईसारख्या बायांना एकटं गाठायला सांगत होतं.

पण एकटी बाई मिळत नाही. दारात उभं राहिलं की आधी खुर्ची येते, मग पाणी येतं, मग शेजारीण येते आणि तिच्यामागे तिची सासू. एकीला विचारलं की दुसरी उत्तर देते. "भोळी बाई ती, तिले काय माहीत," असं म्हणून तिसरी हसते. आणि घरचा माणूस घरी असला तर मग काही बघायलाच नको.

इतवारीत धान्याच्या ठोक दुकानांमागच्या गल्लीत असाच एक माणूस भेटला. दिवसा दुकानात वजनकाट्यावर उभा राहायचा आणि संध्याकाळी एका पक्षाचं बूथचं काम बघायचा. त्या दिवशी बाजार बंद होता, म्हणून घरीच होता. मी त्यांना काका म्हणू लागले आणि त्यांच्या बायकोला काकू. काकूंना जन्मतारीख सांगता आली नाही, पण जन्म कोजागिरीचा हे त्यांना पक्कं माहीत होतं. कोजागिरी तोंडावर आली होती. म्हणजे नियमाने काकूंनाच विचारायचं.

"तिले काय विचारून राहिले तुम्ही?" काका म्हणाले. "मी आहो ना. लिवा, ह्या घरचे सगळे मतं एकाच ठिकाणी. गल्लीचे बी सांगू काय?"

"काका, नियम आहे. काकूंनाच विचारावं लागते."

"विचारा मंग माझ्यासमोर. मी काय बोलून राहिलो?"

काकू पदराने हात पुसत उभ्या होत्या. म्हणाल्या, "चहाले दूध नाही. पोरगी उन्हाची आली. आणता काय जरा?"

"सकाळीच तं आणलं."

"त्याचं विरजण लावलं."

काका कुरकुरत चपला घालून निघाले. जाता जाता मला म्हणाले, "मी आल्याशिवाय सुरू नका करू बरं." ते कोपऱ्यावरून वळले, आणि काकूंनी हात पुढे केला. "आण वं इकडे. काय दाबाचं आहे?"

मागच्या खोलीत झाकणाखालून उतू गेलेल्या दुधाचं पातेलं मला दिसत होतं.

मताचा प्रश्न आम्ही तोंडी विचारत नसू. पडद्यावर पक्षांची चिन्हं यायची, टॅबलेट समोरच्याच्या हातात द्यायचा आणि आपण पाठ फिरवायची. बोट लागलं की चिन्हं निघून जायची. कोणी काय दाबलं ते आम्हालाही कळत नसे.

"हे कोणाले दिसते काय?" काकूंनी विचारलं.

"कोणालेच नाही, काकू." त्यांच्याशी बोलताना मी आपोआप घरच्या बोलीवर आले होते.

"तुले?"

"मलेही नाही."

"अन् ह्यायले?"

"त्यायले कसं दिसन?"

"पक्कं?"

"पक्कं."

मी पाठ फिरवली. त्यांनी वेळ घेतला. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभी राहिले. मग त्या म्हणाल्या, "घे. झालं," आणि एवढं हलकं हसल्या की मलाही कारण नसताना बरं वाटलं.

काका दुधाची पिशवी घेऊन आले. "काय म्हणते आमची?"

"मले काय समजते त्यातलं?" काकू म्हणाल्या. "तुम्हीच सांगा मॅडमले."

मग काका सांगत बसले, रस्त्याबद्दल, उमेदवाराबद्दल, कोणाची हवा आहे त्याबद्दल. मी चहा पीत ऐकत राहिले. टॅबलेट केव्हाच बंद होता. निघताना फक्त फोन नंबर घ्यायचा राहिला, तो टाकल्याशिवाय मुलाखत पाठवता येत नसे. काकूंचा फोन मुलाकडे असायचा, म्हणून काकांनी आपला नंबर सांगितला. "घरचा नंबर हाच आहे." मी टाकला.

त्यानंतर काकू स्वतः माझ्यासोबत पुढच्या घरांत आल्या. "आपल्यातलीच पोरगी आहे," असं त्या बायांना सांगायच्या आणि कानात काहीतरी बोलायच्या. ज्या घरांत नियमाने बाईलाच विचारायचं होतं, तिथल्या माणसांना त्या दुपारी कोणी साखरेला पाठवलं, कोणी रिक्षावाल्याला बोलवायला. इतक्या चांगल्या मुलाखती मला आधी कधी मिळाल्या नव्हत्या. आणि प्रत्येक घरचा नंबर म्हणून त्या घरच्या माणसाचाच नंबर मिळाला.

मुलाखती खऱ्या आहेत की नाहीत ते तपासायला कार्यालयातून फोन जातात. दोन दिवसांनी सरांनी मला बोलावलं. काकांनी फोनवर अगदी प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "हो, मॅडम आल्या होत्या. मीच दिली सगळी माहिती." काकूंना फोनवर बोलवायला सांगितलं, तर काकांनी फोन स्पीकरवर ठेवला, आणि त्या म्हणाल्या, "ह्यायनंच सांगतलं. मले काही समजत नाही त्यातलं." गल्लीतल्या बाकी घरांतूनही तेच आलं.

"नवऱ्यांना विचारून बायकांच्या नावावर टाकलंस, असा अर्थ होतो याचा," सर म्हणाले.

मी सगळं सांगितलं, दुधासकट. त्यांनी शांतपणे ऐकलं. "तू खोटं बोलत नाहीस हे मला माहीत आहे. पण मला काय माहीत आहे ते रिपोर्टमध्ये घालता येत नाही. ती बाई फोनवर एवढंच म्हणू दे, की उत्तर मी दिलं. मी अख्खी गल्ली ठेवतो."

मी परत इतवारीला गेले. जाताना बसमध्ये मला सोपं वाटत होतं. काकूंना फक्त एक वाक्य म्हणायचं होतं. काका ओट्यावर दोन कार्यकर्त्यांसोबत बसले होते. "या मॅडम," म्हणाले, "तुमच्या ऑफिसचा फोन आला होता, मी सांगून दिलं सगळं. नोकरी पक्की करून टाका आमच्या नावावर." कार्यकर्ते हसले. मी आत गेले.

काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी हळू आवाजात सांगितलं. त्यांनी हात थांबवला नाही.

"मी म्हटलं की म्या सांगतलं, तं हे काय विचारतील?"

त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला.

"काय दाबलं, तेच विचारतील ना? आज विचारतील, उद्या विचारतील. बाहेरचे ते दोघं बी विचारतील." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तूच म्हटलं ना पक्कं?"

"हो."

"मंग काहून आली?"

त्या रागावल्या नव्हत्या. मला मात्र राग आला होता. त्यांचा, काकांचा, सरांचा आणि त्या नंबराच्या रकान्याचा. तरी त्यांनी केलेला चहा घेऊन निघाले.

गल्ली रद्द झाली. नव्या मुलाखती घ्यायला आमच्यातला एक मुलगा गेला, जो एरवी फुटाळा तलावाच्या काठावर बसून मित्रांच्या नंबरांवर मुलाखती भरायचा. त्याचे मित्र फोनवर नेहमी हो म्हणायचे, म्हणून त्याचं काम कधी अडलं नाही. या वेळी तो खरंच गेला, आणि जेवणाच्या आत परतला. "तुझे ते काका भारी आहेत यार," तो मला म्हणाला. "ओट्यावर बसून गल्लीभराचं सांगितलं. बायका दारातून हो-हो करत होत्या." तपासणीचे फोन गेले. नवऱ्यांनी सांगितलं, बायकांनी दुजोरा दिला. एकही मुलाखत बाद झाली नाही.

सरांनी मला काढलं नाही, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. त्यांनी मला कार्यालयात बसवलं आणि सर्वेक्षण करून घेणाऱ्या ग्राहकाला जाणाऱ्या इंग्रजी अहवालाचं मराठी करायला दिलं. त्यात एक वाक्य होतं. जुन्या बाजारपेठेच्या भागात महिलांचा कल घरातील पुरुषांप्रमाणेच असल्याचे दिसते.

"सर, हे खरं नाही," मी म्हणाले.

"मग खरं काय आहे?"

काकूंनी काय दाबलं ते मी पाहिलं नव्हतं, आणि रद्द मुलाखती पुसल्या गेल्या होत्या. कदाचित त्यांनी काकांचंच चिन्ह दाबलं असेल. ते आता कोणालाच कळणार नव्हतं.

मी ते वाक्य बदलून लिहिलं, की या भागात महिलांना एकटं विचारता आलं नाही. सरांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हे ग्राहकाला देता येणार नाही गं." मग त्यांनी स्वतःच पहिलं वाक्य परत टाकलं, आणि मी पुढचं पान घेतलं.