खुणेपर्यंत पाणी

चहाचा काचेचा ग्लास हातात आला की साहेब तो आधी खिडकीच्या उजेडात धरत, डावा डोळा मिटत आणि चहाची कड नेमकी कुठवर आलीय ते बघत. मगच पहिला घोट. कँटीनवाला वैतागून म्हणायचा, "साहेब, चहा हाय त्यो, उसाचा रस न्हाई." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "बघितल्याबिगर कसं कळंल?"

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्या अंगातून नोकरी रविवारीसुद्धा उतरत नाही. आमचे हे साहेब बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात केमिस्ट होते. मी तिथेच शेतकी विभागात कारकून. कारखान्यात कारकुनाला सगळे भाऊसाहेब म्हणतात, म्हणून मी त्यांचाही भाऊसाहेब. कॉलनीत त्यांच्या आणि माझ्या घरांमध्ये एकच भिंत होती. त्यांनी खोकलं की माझी बायको आलं किसायला घ्यायची.

एका हंगामात वरून निरोप आला, साखरेचा उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, जरा वाढवून दाखवा. साहेबांनी लॅबचं रजिस्टर उचललं आणि निरोप आणणाऱ्यापुढे ठेवलं. "आकडा तुमी लिवा. पर सही बी तुमीच करा. माझी सही म्हंजी मी ते माझ्या डोळ्यांनी बघितलंय." रजिस्टर तसंच जागेवर परत गेलं. साहेबांची बढती त्या वर्षी राहिली ती राहिलीच. आम्ही हळहळलो, ते मात्र दुसऱ्या दिवशी चहाचा ग्लास उजेडात धरून उभे होते.

वहिनी साहेबांच्याच गावच्या, नेकनूरच्या. लग्नात त्यांनी नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, एकदा समुद्र दाखवा. साहेबांनीही तो पाहिला नव्हता. पण हंगामात केमिस्टला रजा नाही, उन्हाळ्यात यंत्रांची दुरुस्ती, आणि पावसाळ्यात म्हणे समुद्र खवळलेला असतो. असं करता करता वीस-बावीस वर्षं गेली. घरात दोघंच, कुणी पाठी लागणारंही नव्हतं.

मग एकदा साहेब प्रशिक्षणाला पुण्याला गेले आणि परत आले ते मांडीवर थर्माकोलचा डबा घेऊन. एसटीत आठ तास त्यांनी तो खाली ठेवला नव्हता. डब्यात पाण्याची पिशवी, पिशवीत तळहाताएवढा दगड आणि दगडावर जांभळट साल. वहिनी बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "समुद्र मागितला, तर ह्यांनी डबाभर आणला."

तो दगड म्हणजे प्रवाळ. जिवंत. दोन फुटांच्या काचेच्या टाकीत ठेवल्यावर तिसऱ्या दिवशी, निळसर दिव्याखाली, त्या जांभळ्या सालीतून हिरवी बोटं बाहेर आली. बारीक, गवताच्या पात्यासारखी, पाण्याबरोबर डोलणारी. सगळी कॉलनी बघायला लोटली. कुणाची सावली पडली की बोटं आत जायची आणि लोक म्हणायचे, "मासा कुठंय?" साहेब सांगायचे, मासा नाही. एक गोगलगाय आहे, काच साफ करते. लोक तोंडात मारल्यासारखे परत जायचे. "साहेबानं दगूड पाळलाय," असं पुढे बरेच दिवस चाललं.

पण त्या दगडाचे लाड बघण्यासारखे होते. पुण्याहून आणलेलं समुद्री मीठ ते लॅबच्या तराजूवर तोलत, डिस्टिल्ड पाण्यात विरघळवत आणि तरंगणारी काचेची नळी त्यात सोडून खारटपणा मोजत. एक डोळा मिटून, अर्थात. दर रविवारी थोडं जुनं पाणी काढायचं, तेवढंच नवं घालायचं. वही वेगळी. रोजची उष्णता, रोजचा खारटपणा, खाली सही.

टाकीच्या काचेवर त्यांनी बाहेरून लाल रंगाची एक खूण केली होती. पाणी उडून खुणेखाली गेलं की गोडं पाणी घालून खुणेपर्यंत आणायचं. मी एकदा शहाणपणा केला, "पाणी खारट हाय, तर वरून बी खारटच घालावं ना?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊसाहेब, उडतंय ते पाणी. मीठ कुठं उडतंय? मीठ हाय तिथंच ऱ्हातंय." हे वाक्य पुढे मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं.

लाईट गेली की पंप बंद. मग वहिनी पदर खोचून टाकीशी बसायच्या आणि मगात पाणी घेऊन वरून धार सोडायच्या, पुन्हा घ्यायच्या, पुन्हा सोडायच्या. पाण्यात हवा मिसळावी म्हणून. लोडशेडिंगचे ते दिवस, कधी कधी तीन-तीन तास. भिंतीपलीकडून ती धार मला ऐकू यायची. मी एकदा म्हणालो, "वहिनी, हात भरून येत असतील." त्या म्हणाल्या, "लाईट गेली म्हणून समुद्राला काय कुणी सुट्टी देतंय का? मीच लाटा करते." आणि मनापासून हसल्या.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. ऊस जनावरांच्या चाऱ्याला गेला, कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. बॉयलर नाही म्हणजे लॅब बंद, लॅब बंद म्हणजे डिस्टिल्ड पाणी बंद. कॉलनीत एक दिवसाआड टँकर, घरटी चार हंडे. आणि नेमकं अशा वेळी प्रवाळाला पाणी जास्त लागायला लागलं. उन्हानं टाकी तापू नये म्हणून साहेबांनी वर पंखा लावला होता. पंख्यानं पाणी थंड राहायचं, पण तेवढंच उडायचंही.

नळावरच्या बायका बोलायला लागल्या. "माणसाला प्यायला न्हाई, अन् ह्यांच्यात दगडाला पाणी पाजतात." वहिनींनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून साहेबांची अंघोळ एका तांब्यावर आली. आपल्या चार हंड्यांतलं पाणी कुकरमध्ये उकळायचं, शिट्टीच्या जागी नळी बसवायची, नळीवर ओलं फडकं गुंडाळून वाफेचं पाणी थेंब थेंब कॅनमध्ये धरायचं. दुसऱ्याच्या वाट्याचा थेंब त्यांनी घेतला नाही, हे मी शपथेवर सांगतो.

त्याच उन्हाळ्यात वहिनींचं पोट दुखायला लागलं. औरंगाबादला ऑपरेशन ठरलं. निघताना साहेबांनी मला टाकीशी उभं केलं. "कॅनमधलं पाणी रोज खुणेपर्यंत घाला. टँकरचं घालू नका, बोअरचं घालू नका. क्षार लई हाय त्यात." वहिनी रिक्षात बसल्या होत्या. त्यांनी मला हाक मारून एवढंच सांगितलं, "भाऊजी, रोज बघत जा, उघडलंय का ते."

आठ दिवसांचं म्हणून गेले, ते लांबत गेलं. नवव्या दिवशी कॅन संपला. कुकरची ती करामत मला जमेना, नळी निसटून हात भाजला. टँकरचं घालायचं नाही. तेव्हा मला आठवलं, गावातल्या बँकेच्या शाखेत एसी आहे आणि त्याचं ठिबकणारं पाणी शिपाई बादलीत धरतो, इन्व्हर्टरच्या बॅटरीला घालायला. बॅटरीला चालतं म्हणजे शुद्धच की! मी सायकलवर दोन कॅन भरून आणले. इतक्या दुष्काळात शुद्ध पाणी मिळवलं म्हणून मी स्वतःवरच खूश होतो. रोज खुणेपर्यंत घातलं, एक थेंब कमी नाही.

हे पाणी घालायला लागल्यापासून चौथ्या दिवशी गोगलगाय काचेवरून खाली पडली. मला वाटलं, उकाड्यानं सुस्तावली असेल. पाचव्या दिवशी बोटं उघडली नाहीत. सातव्या दिवशी जांभळी साल करडी पडली आणि तिचे तुकडे पाण्यात तरंगायला लागले.

आठव्या दिवशी साहेब कपडे न्यायला एका दिवसापुरते आले. टाकीसमोर वाकले. मग कोपऱ्यातल्या कॅनकडे बघून म्हणाले, "हे कुठलं पाणी?"

"बँकेच्या एसीचं, साहेब. एकदम शुद्ध. बॅटरीला घालतात."

"हं," ते म्हणाले. "लांबून आणलंत. उन्हाचं." कॅनमध्ये उरलेलं पाणी त्यांनी उचललं आणि दारातल्या तुळशीला घातलं. "वाया कावून घालवायचं?"

"साहेब, माझं काही चुकलं का?"

"न्हाई, भाऊसाहेब. ऊन लई हाय औंदा. उन्हानं गेलं."

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. दवाखान्यातून वहिनींचा. साहेबांनी दोन वाक्यं ऐकली. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "तुमीच सांगा. मला न्हाई जमायचं."

वहिनींचा आवाज अगदी बारीक झाला होता. "भाऊजी, उघडलंय का?"

"उघडलंय वहिनी. बोटभर वर आलंय. तुमचीच वाट बघतंय."

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. साहेब भिंतीकडे तोंड करून उभे होते.

वहिनी परत आल्या नाहीत. त्या फोननंतर सहाव्या दिवशी गेल्या. अस्थी गोदावरीत सोडायच्या, पण पात्रात तेव्हा नुसती वाळू होती. नातेवाईक म्हणाले, पाऊस होईतो थांबू, झाडाला बांधून ठेवू. साहेबांनी ऐकलं नाही. पिशवीत अस्थी घेऊन एकटेच एसटीनं कोकणात गेले. दोघांनी समुद्र पाहिला तो असा.

पाच दिवसांनी ते माझ्या दारात आले. हातात पाण्याची बाटली. माझ्याच ओट्यावर बसून त्यांनी ती काचेच्या उभ्या भांड्यात ओतली, मोजायची नळी सोडली आणि डावा डोळा मिटला.

"बघा," ते म्हणाले. "आपल्या टाकीच्या बरोबर हाय. रेघभर फरक न्हाई." मग नळी पुसत हळूच म्हणाले, "तिला सांगायला पायजे होतं." मी चहा आणला. त्या दिवशी त्यांनी ग्लास उजेडात न धरताच चहा पिऊन टाकला.

कारखाना पुढे सुरू झाला, पण साहेब निवृत्त होऊन नेकनूरला पुतण्याकडे राहायला गेले. जाताना टाकी मला देत होते, मी घेतली नाही. सणावाराला फोन व्हायचा. गेल्या वर्षी पुतण्याचाच फोन आला, काका गेले म्हणून. मी बसनं नेकनूरला गेलो. पुतण्या म्हणाला, "तुमच्यासाठी एक वही ठिवलीय, काका सांगून गेलते, भाऊसाहेबाला द्या म्हणून." परतीच्या बसमध्ये मी ती उघडली.

पहिल्याच पानावर, टाकी आणली त्या वर्षीच्या नोंदींच्याच शाईत, एक यादी होती. काय घालायचं नाही. बोअरचं पाणी. टँकरचं पाणी. तांब्याच्या भांड्यातलं पाणी. एसीचं पाणी, आतली नळी तांब्याची असते, प्रवाळ आणि गोगलगाय जगत नाहीत.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. आमच्या कॉलनीत एसी कुणाकडेच नव्हता, म्हणून ते मला सांगायचं राहून गेलं असणार. आणि त्या दिवशी कॅनकडे बघितल्याबरोबर त्यांना सगळं कळलं होतं. ती टाकी मी मारली होती. वहिनींचा समुद्र मी मारला होता, आणि त्या माणसानं इतकी वर्षं मला त्याचा वाराही लागू दिला नाही.

मग मी त्या दिवसाचं पान काढलं. तेच बारीक, सरळ अक्षर. "प्रवाळ गेलं. कारण: ऊन."

वहीत शेकड्यांनी नोंदी आहेत. प्रत्येकीखाली त्यांची सही आहे. त्या एका नोंदीखाली नाही.