उमरेडपुढच्या गावातली सावळी मरिया

जायचं ठरलं ते एका फुटक्या मूर्तीमुळे. सत्तरच्या दशकातला डिसेंबर होता. उमरेडच्या पुढे एका खेड्यात छोटंसं चर्च होतं. तिथली परदेशातून आलेली मरियामातेची गोरीपान मूर्ती पडून फुटली. तिथले फादर नागपुरात महाल भागातल्या आमच्या मूर्तींच्या दुकानात आले आणि म्हणाले, "या वेळी इथल्या मातीची, इथल्या चेहऱ्याची बनवा." बाबांनी जन्मभर गणपती, दुर्गा आणि महालक्ष्म्याच घडवल्या होत्या. तरी छातीठोकपणे हो म्हणाले.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि दुकानात रंगकाम करायची. लुगडं, दागिने, ओठ सगळं माझ्याकडे; डोळे मात्र फक्त बाबा रेखायचे. "तू उद्या सासरी जाशील, तुले शिकवून काय करू?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. डोळे रेखायला माझा जीव आसुसायचा.

नाताळाला दोन दिवस असताना निघालो. सायकलरिक्षाने एसटी स्टँड, मग बस. भाताच्या तणसात आणि गोधडीत गुंडाळलेली मूर्ती आम्हा दोघांच्या मधे बसवली.

"हे कोण बसून राहिलं गोधडीत?" कंडक्टर म्हणाला.

"देवी हाये," बाबा म्हणाले.

"कोणती?"

बाबा जरा अडखळले. "लेकुरवाळी हाये."

कंडक्टरने हसत मरियामातेचं हाफ तिकीट फाडलं.

आता तुम्ही गाडीने निघालात तर तास-दीड तासात पोचाल. आमचा धक्के खाण्यात अर्धा दिवस गेला. पण जायचं तर डिसेंबरातच जा. अंगणाअंगणात लाल मिरच्या वाळत घातलेल्या असतात. उमरेडला उतरून तर्रीपोहे खाल्लेत की पुढचे खड्डे माफ होतात. स्वेटर मात्र विसरू नका, मी विसरले होते.

फादरनी चहा दिला. त्यांच्या खोलीच्या भिंतीवर देशोदेशीच्या मरियामातेची चित्रं टाचली होती. एक सोनेरी केसांची, एक किमोनोतली जपानी, एक आफ्रिकेतली काळीभोर, कुरळ्या केसांचं बाळ कडेवर घेतलेली. बाबा चहा विसरून ती बघत राहिले. आपण बाहेरच्या धर्मात भलताच हात घातला, ही धास्ती त्यांना वाटभर होती. ती तिथेच गेली. "म्हणजे आपलं चुकलं नाही," ते म्हणाले. "ज्यानं त्यानं आपल्या मायचंच तोंड काढलं हाये."

चर्चमध्ये बायका जमल्या. गोधडी सोडली. निळ्या लुगड्यातली सावळी मरिया, मांडीवर बाळ. सगळ्यांनी पाहिलं ते रूथबाईंकडे. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या त्याच, जुन्या मूर्तीपुढे रोज मेणबत्ती लावणाऱ्या. त्यांनी बराच वेळ निरखलं आणि मान हलवली.

"हे आमची नाही."

"रंग आवडला नाही का?" फादरनी विचारलं.

"रंगाचं काय घेऊन बसले, फादर? आमच्या घरात कोण गोरं हाये? पण हे माय तर आपल्याकडंच पाहून राहिली. लेकराकडं काहून पाहत नाही?"

आमच्याकडे देव समोर बघतो. दर्शनाला आलेल्या माणसाला वाटलं पाहिजे की देवाने आपल्याला पाहिलं. बाबांनी सवयीने तसेच टपोरे डोळे काढले होते. जुनी मरिया बाळाकडे बघत असायची, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

"एकदा उघडलेले डोळे मी मिटवत नाही," बाबा म्हणाले. रूथबाई दाराकडे वळल्या. एवढी खपून केलेली मूर्ती परत गोधडीत जाणार होती.

"बाबा, मी रेखू?"

त्यांनी पिशवीतली रंगाची डबी उघडली आणि खिशातला बारीक ब्रश काढून पुढे केला. "रेख. पण घाई नको करू वं."

ब्रश हातात आला आणि मला काही सुचेना. बाळाकडे बघणारी बाई मी कधी नीट पाहिलीच नव्हती. मी रूथबाईंना थांबवलं आणि शेजारणीचं तान्हं त्यांच्या मांडीवर द्यायला लावलं. त्यांनी खाली पाहिलं. पापण्या जड झाल्या, कडांना सुरकुत्या पडल्या. मी मूर्तीचे टपोरे डोळे सावळ्या रंगाने झाकले आणि त्या पापण्या जशाच्या तशा वर उतरवल्या. रेघ कुठे हलली नाही.

रूथबाईंनी पाहिलं, पदर डोक्यावर घेतला आणि मेणबत्ती लावली. "आली वं माय आमची," एवढंच म्हणाल्या. मग आम्हाला घरी नेऊन ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि झणझणीत ठेचा वाढला. इतक्या प्रेमाने मला परक्या घरी कोणी वाढलं नव्हतं.

घरी पोचल्यावर बाबा आईला म्हणाले, "डोळे पोरीनं काढले." पुढच्या महालक्ष्म्यांना त्यांनी डोळे रेखायला मुखवटे माझ्यापुढे सरकवले. पुढे मी सासरी गेले, पण ब्रश सोबत नेला. त्यावर माझं घर चाललं. फादरचे, बाबांचे आणि रूथबाईंचे उपकार कोणत्या जन्मी फेडू?

मागच्या डिसेंबरात पुन्हा जाऊन आले. लुगड्याचा निळा रंग उडालाय, बाळाचं एक बोट तुटलंय. रूथबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली. पण त्या अजून त्या लेकराकडे बघतायत.